गोळी मागण्याआधी तारीख सांगा

आषाढी जवळ आली की आमच्या पंढरपुरात मठ, धर्मशाळा, लॉज भरायला लागतात आणि आमच्या मेडिकलच्या काउंटरवर एका गोळीची मागणी वाढते. मागणारी बाई आधी आजूबाजूला बघते. शेजारी कुणी पुरुष गिऱ्हाईक असेल तर बामची डबी हातात घेऊन उगाच थांबते. तो गेला की पुढे वाकून हळूच म्हणते, "ताई, ती पुढं ढकलायची गोळी द्या की." म्हणजे पाळी पुढे ढकलायची. आषाढी सरली की गौरी-गणपती, मग घट, मग लगीनसराई. वर्षभर हे चालूच असतं.

डी.फार्म. झाल्यापासून मी याच काउंटरमागे उभी आहे. पाळीबद्दल जे प्रश्न बायका डॉक्टरांना विचारत नाहीत, ते मला विचारतात. इथे नंबर लावावा लागत नाही, केसपेपर काढावा लागत नाही, आणि समोर बाई आहे. मी डॉक्टर नाही, निदान करणं माझं काम नाही. पण एकच तक्रार घेऊन आलेल्या बायकांची कारणं किती वेगवेगळी निघतात, ते मी रोज बघते. पाळी मागेपुढे होणं हा स्वतः आजार नसतो, ती आत काहीतरी बदलल्याची खूण असते. ते काय बदललंय हे न बघता नुसती गोळी घेतली की खूण पुसली जाते आणि कारण तसंच राहतं. मला जे सांगायचंय ते एवढंच, पण त्यात बरंच येतं.

कुणीही पाळीची गोळी मागितली की माझा पहिला प्रश्न असतो, "मागची पाळी कधी आली होती? पहिला दिवस कोणता?" उत्तरं अशी येतात: "एकादशीच्या आधी आलती बघा." "पोरीची परीक्षा चालू होती तवा." "झाला असंल की महिना-दीड महिना." तारीख सांगणारी बाई क्वचितच भेटते. आणि तारखेशिवाय ही पुढे ढकलायची गोळीसुद्धा नीट घेता येत नाही. तिचं नाव नोरेथिस्टेरॉन. बीजकोशातून बीज बाहेर पडलं की तिथे प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन तयार होतं आणि ते गर्भाशयाचं आतलं अस्तर धरून ठेवतं. त्याचं प्रमाण उतरलं की अस्तर सुटतं आणि पाळी येते. ही गोळी बाहेरून तेच काम करते, म्हणून ती पाळीच्या अपेक्षित तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करावी लागते. बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. ज्यांना तारीखच माहीत नाही त्या उशिरा सुरू करतात, मग देवळाच्या रांगेत डाग दिसतो आणि दोष गोळीला जातो.

शिवाय ही गोळी सगळ्यांसाठी नाही. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली, लकवा होऊन गेलेला, लिव्हरचा आजार असलेली, दिवस गेल्याची शंका असलेली, किंवा आधीच अवेळी रक्त जातंय आणि कारण माहीत नाही अशी बाई, यांनी ती घेऊ नये. तिनं गर्भ राहायचा थांबतो असंही नाही. म्हणून आमच्या दुकानात मी ती चिठ्ठीशिवाय देत नाही. कुणी रागावून पुढच्या दुकानात जातं. जाऊ दे.

आता मुळात अनियमित म्हणायचं कशाला? इथे फार घोळ आहे. पाळीचा महिना आणि कॅलेंडरचा महिना वेगळा. रक्त गेल्याचा पहिला दिवस हा पहिला दिवस धरायचा आणि पुढची पाळी सुरू होईपर्यंतचे दिवस मोजायचे. एखादी घाबरून येते, "ताई, महिन्यात दोनदा आली." तारखा विचारल्या तर २ तारीख आणि २८ तारीख. म्हणजे २६ दिवसांनी आली, अगदी ठीक आहे! दर महिन्याला त्याच तारखेला आली पाहिजे, २८व्या दिवशीच आली पाहिजे, असं काही नसतं. मोठ्या बाईला २१ ते ३५ दिवसांच्या अंतरानं पाळी येत असेल आणि दोन ते सात दिवस रक्त जात असेल, तर ते चालतं. बरेच डॉक्टर आता २४ ते ३८ दिवस असाही हिशोब धरतात. एका महिन्यात २७, पुढच्यात ३२, असं चार-पाच दिवस मागेपुढे होणंही नेहमीचंच.

असं मागेपुढे का होतं, तेही सांगते. बीज बाहेर पडल्यापासून पाळी येईपर्यंतचे दिवस बहुतेकींमध्ये बऱ्यापैकी ठरलेले असतात, साधारण दोन आठवडे. ताणला जातो तो त्याच्या आधीचा काळ. मोठा ताप येऊन गेला, घरात कुणी वारलं, रात्रपाळी सुरू झाली, दहा-बारा दिवस जागरण झालं, की बीज उशिरा सुटतं आणि पाळीही तेवढी पुढे जाते. असं एखाद्या वेळी झालं तर घाबरायचं कारण नाही. दोन-तीन महिने लागोपाठ होत असेल तर मात्र कुठेतरी दाखवायला हवं.

लहान मुलींचं गणित निराळं. सहावी-सातवीतल्या मुलीला पाळी सुरू झाली की पहिली दोन-तीन वर्षं ती २१ ते ४५ दिवसांत कधीही येऊ शकते. मेंदूकडून बीजकोशाला जाणारे निरोप अजून बसलेले नसतात, पुष्कळ महिने बीजच सुटत नाही. त्यामुळे आईनं लगेच गोळी शोधायला निघू नये. पण पाळी सुरू होऊन वर्ष झालं असताना एकदा जरी ९० दिवसांच्या वर खंड पडला तर दाखवायचं. १५ वर्षं पूर्ण झाली तरी पाळी सुरूच झाली नाही, किंवा १३ वर्षांपर्यंत छातीची वाढच दिसत नाही, तरीही दाखवायचं. आणि पहिल्याच पाळीपासून मुलीला इतकं जात असेल की शाळेत ड्रेस खराब होतो, रात्री उठून पॅड बदलावा लागतो, तर "आमच्यात सगळ्यांचं असंच असतं" म्हणून सोडून देऊ नका. काही घराण्यांत रक्त गोठण्यातला दोष असतो. नाकातून वारंवार रक्त येणं, दात काढल्यावर रक्त न थांबणं, जरा लागलं की काळंनिळं होणं, असं घरात कुणाचं असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगायचं. रक्ताच्या तपासणीत ते कळतं आणि त्यावर औषध आहे.

पाळी चुकली की पहिली शंका दिवस गेल्याचीच घ्यायची. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं असो, तांबी बसवलेली असो, बाळ अंगावर पीत असो, नाहीतर बाई पंचेचाळिशीची असो. लघवीची पट्टी स्वस्त मिळते, सकाळची पहिली लघवी घ्यायची. नाही असं आलं आणि तरी पाळी आली नाही तर आठवड्यानं पुन्हा करायची. अविवाहित मुलगी पट्टी मागायला आली तर मी तिला काहीही विचारत नाही, वर्तमानपत्रात गुंडाळून देते आणि कशी वापरायची तेवढं सांगते. तिनं तपासून बघावं हे कधीही चांगलं. गर्भ राहू नये म्हणून संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी घेतली असेल तर पुढची पाळी आठवडाभर अलीकडे किंवा पलीकडे जाऊ शकते, आठवड्याच्या वर उशीर झाला तर पट्टीनं बघायचं. गर्भ राहू नये म्हणून सरकारी दवाखान्यात मिळणारं तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन घेणारीला मधूनमधून डाग लागतात किंवा पाळी बंदच होते, त्याचसाठीच्या छाया गोळीनं पाळी लांबते. हे त्या औषधांचंच काम आहे, "रक्त आत साठतंय" असं काही नसतं. देणाऱ्यांनी हे आधी समजावून सांगितलं तर निम्म्या जणी अर्ध्यावर सोडणार नाहीत.

"पाळी आणायची गोळी" मागणारे बहुतेक पुरुष असतात. संध्याकाळी येतात, चिठ्ठी नसते, बाई कुठेतरी लांब गाडीवर बसलेली असते. त्यांना हवी असते गर्भपाताची गोळी. ती मी देत नाही, आणि का देत नाही हे थांबून सांगते. गर्भ किती आठवड्यांचा आहे, तो गर्भाशयातच आहे की नळीत अडकलाय, हे बघितल्याशिवाय ती गोळी घेतली तर जिवावर बेतू शकतं. नळीतल्या गर्भाला त्या गोळीनं काही होत नाही, नळी फुटते आणि पोटात रक्तस्राव होतो. पाळी चुकलेली, ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, चक्कर, घाम, खांद्यात दुखणं, असं एकत्र दिसलं तर सकाळची वाट बघायची नसते. दुसरी गोष्ट, गर्भपात आपल्याकडे १९७१च्या कायद्यानं मान्य आहे, २०२१ साली त्यात सुधारणा झाल्या. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं आणि काही ठरावीक परिस्थितींत २४ आठवड्यांपर्यंतही तो करता येतो. बाई १८ वर्षांच्या वरची असेल तर फक्त तिचीच संमती लागते, नवऱ्याची सही लागत नाही, आणि तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ही माहिती नसल्यामुळे कितीतरी जणी चोरून, चुकीच्या ठिकाणी जातात. फार वाईट वाटतं मला.

आता एक प्रसंग. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. एक बाई आमच्याकडून दर महिन्याला अ‍ॅसिडिटीच्या कॅप्सूल न्यायच्या. कधीतरी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या, त्यांना बरं वाटलं, तीच चिठ्ठी दाखवून पुढे चालू. एकदा पैसे देता देता म्हणाल्या, "पाळी चार महिने झाले आलीच नाही. पट्टी केली, काही नाही. आता जायचंच वय झालं का हो माझं?" वय सदतीस. मी काउंटरच्या आत बोलावून स्टुलावर बसवलं आणि हळूच विचारलं, "छातीतून काही पाणी, दूध येतं का?" त्या एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "ब्लाऊज ओला होतो. कुणाला सांगायचं? धाकटा आता नववीत आहे."

मी त्यांच्या कॅप्सूलचीच पट्टी उलटी करून दाखवली. त्या कॅप्सूलमध्ये राबेप्राझोलबरोबर लेव्होसल्पिराइड होतं. अ‍ॅसिडिटी आणि पोटफुगीसाठी आपल्याकडे ही जोडी सर्रास लिहिली जाते. राबेप्राझोल ॲसिड कमी करतं, लेव्होसल्पिराइड पोटातलं अन्न पुढे सरकवतं. पण हेच लेव्होसल्पिराइड मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनाला अडवतं, आणि डोपामिन हाच प्रोलॅक्टिन या हार्मोनचा लगाम असतो. लगाम सुटला की प्रोलॅक्टिन वाढतं. बाळंतिणीला दूध येतं ते याच हार्मोनमुळे, आणि अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी लांबते तीही त्याच्याचमुळे. उलटीवरच्या डोमपेरिडोननंही असं होऊ शकतं, मानसिक आजारावरच्या काही औषधांनीही होतं. (ती औषधं मात्र आपल्या मनानं कधीही बंद करायची नाहीत, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलायचं.) बाई डॉक्टरांकडे गेल्या, रक्तात प्रोलॅक्टिन वाढलेलं निघालं, कॅप्सूल बदलली आणि काही आठवड्यांत पाळी आली. डॉक्टरांनी डोकं दुखतं का, नजर कमी झाली का, हेही विचारलं, कारण कधीकधी मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीवर छोटी गाठ असली तरी प्रोलॅक्टिन वाढतं. त्यांचं तसं काही नव्हतं. पण त्यांनी माझ्याकडे नुसती पाळी आणायची गोळी मागितली असती आणि कुणी दिली असती, तर पाळी एकदा आली असती, कॅप्सूल चालूच राहिली असती.

थायरॉइडचंही असंच. थायरॉइड कमी पडलं की काहींची पाळी लांबते, काहींना भरपूर जाते. सोबत वजन वाढणं, थंडी सहन न होणं, केस गळणं, बद्धकोष्ठ, सारखी झोप. थायरॉइड नीट चालतंय का हे बघायला टीएसएचची साधी रक्त तपासणी असते. त्याआधी गर्भाशयाच्या टॉनिकच्या बाटल्या रिचवण्यात काही अर्थ नाही.

आणि पीसीओडी, म्हणजे बीज वेळेवर न सुटण्याचा हार्मोनचा बिघाड. हल्ली कॉलेजातल्या मुलींच्या तोंडी हा शब्द इतका बसलाय की पाळी दहा दिवस लांबली तरी म्हणतात, "मला पीसीओडी आहे." सोनोग्राफीच्या कागदावर बीजकोशात बरेच ठिपके लिहून आलेले असतात आणि आई विचारते, "गाठी आहेत म्हणतात, काढाव्या लागतील का?" त्या काढायच्या गाठी नसतात. ती अर्धवट वाढून थांबलेली बीजांची छोटी पिशव्यांसारखी घरं असतात. नुसत्या सोनोग्राफीवरून निदान होत नाही. पाळी अनियमित असणं, पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणं (हनुवटीवर जाड केस, न जाणारे मुरूम) किंवा रक्तात ते वाढलेलं दिसणं, आणि सोनोग्राफी, या तिन्हींपैकी दोन गोष्टी लागतात, तेही थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासून झाल्यावर. पाळी सुरू होऊन आठ वर्षं व्हायच्या आत तर सोनोग्राफीवर विसंबायचंच नाही असं आता सांगितलं जातं, कारण त्या वयात असे ठिपके धडधाकट मुलींमध्येही दिसतात.

पण ज्यांना तो खरंच आहे त्यांनी तो हलक्यात घेऊ नये. मान, काख काळी आणि मखमलीसारखी जाड दिसत असेल तर शरीर इन्सुलिनला दाद देत नाही असं समजून साखर तपासायला हवी. वजन जास्त असेल तर त्यातलं ५ ते १० टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी सुधारते, म्हणजे ७० किलोच्या बाईचं साडेतीन ते सात किलो. बारीक मुलींनाही पीसीओडी असतो, त्यांना उपाशी राहायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका. आणि तीन-तीन, चार-चार महिने पाळी न येऊ देणं बरं नाही, कारण बीज न सुटल्यामुळे अस्तर नुसतं जाड होत जातं आणि वर्षानुवर्षं तसं चाललं तर त्यात पुढे वाईट बदल होऊ शकतात. म्हणून डॉक्टर अधूनमधून गोळ्या देऊन पाळी आणतात. कारण तपासून, हिशोबानं दिलेली ती गोळी वेगळी. "लग्न लावून द्या, आपोआप नीट होईल" हा सल्ला मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकलाय की आता मी स्पष्ट सांगते, लग्न हा पाळीवरचा इलाज नाही. मुलीला आधी बरं करा.

याच्या अगदी उलट टोकाला पोलीस भरतीच्या मुली. पहाटे ग्राउंडवर जातात, ८०० मीटरसाठी जीव तोडून पळतात, आणि वजन वाढू नये म्हणून चहा-बिस्किटावर दुपार काढतात. पाळी बंद होते. त्यांना आणि त्यांच्या मैत्रिणींना ते सोयीचंच वाटतं, "बरंय, कटकट गेली." घरात धान्यच नसलं की आपण पाहुण्यांना बोलावत नाही, तसंच शरीराचं होतं. जेवढं खर्च होतंय तेवढं पोटात येत नाही हे दिसलं की ते बीज सोडणंच थांबवतं. मग इस्ट्रोजेन हे बीजकोशातलं हार्मोन उतरतं, हाडं ठिसूळ होतात, नडगी दुखायला लागते आणि ऐन भरतीच्या तोंडावर हाडाला बारीक चीर पडते. अशी मुलगी नडगीला लावायचं मलम मागायला आली की मी पाळीचं विचारते. तिला भाकरी, डाळ, अंडी, दूध पोटभर हवं, आणि तीन महिने पाळी नसेल तर डॉक्टर हवेत.

दिवाळीच्या आसपास कारखाने पेटले की बीडकडच्या टोळ्या आमच्या भागात ऊसतोडीला येतात. त्यातल्या बाया अंधार पडल्यावर दुकानात येतात, अंगदुखीची गोळी, "ताकदीची बाटली". डोळ्याखालची पापणी ओढून बघितली तर आत पांढरंफटक. एकदा एक म्हणाली, "अंगावरून लई जातंय ताई, पंधरा दिस झालं. पण खाडा केला की पैसे कापत्यात." सोबतच्या म्हातारीनं सल्ला दिला, "पिशवी काढून टाक, आमच्या वस्तीवर समद्यांनी काढलीय." ही गोष्ट तोंडी नाही राहिली. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. कित्येक जणी तिशी-पस्तिशीतल्या. रक्त जास्त जातंय, पांढरं जातंय, पोट दुखतंय, एवढ्यावर पिशवी काढायची नसते. आणि पिशवीबरोबर बीजकोशही गेले तर अकालीच पाळी गेल्यासारखं होतं, हाडं झिजतात, अंगातून वाफा येतात, कंबर धरते, आणि त्याच कंबरेनं मोळ्या उचलायच्या असतात.

जास्त रक्त जाण्याची कारणं पुष्कळ आहेत: गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या साध्या गाठी, अस्तरावरचा कोंब, गर्भाशयाच्या भिंतीची सूज, थायरॉइड, तांबी, रक्त पातळ करायची औषधं. बहुतेकींवर आधी औषधानंच उपाय होतो. रक्त कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झामिक ॲसिडच्या गोळ्या आहेत, हार्मोनच्या गोळ्या आहेत, हार्मोन असलेली तांबी आहे जिच्यानं काही वर्षं रक्तस्राव खूप कमी होतो. कुणी पहिल्याच भेटीत "कॅन्सर होईल, पिशवी काढा" म्हणालं तर घरी या, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. तो तुमचा हक्क आहे.

किती म्हणजे जास्त, हे बायकांना सांगता येत नाही, कारण तुलना करायला दुसरीचं माहीत नसतं. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजतोय आणि असं लागोपाठ दोन-तीन तास चाललंय, चक्कर येतेय, छाती धडधडतेय, तर तडक दवाखाना गाठायचा. रक्ताच्या मोठ्या गाठी पडत असतील, सात-आठ दिवसांच्या वर जात असेल, रात्री उठून बदलावं लागत असेल, तर त्या आठवड्यात दाखवायचं. आणि हिमोग्लोबिन बघायचंच. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, सुमारे ५४ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. १२च्या खाली गेलं की कमी. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्या. शी काळी झाली तर घाबरू नका.

चाळिशीनंतर पाळी मागेपुढे व्हायला लागते. पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान बहुतेकींची जाते. दोन महिने नाही, मग एकदम दोनदा, असं होऊ शकतं. पण "जायची वेळ आलीय" म्हणून सगळंच अंगावर काढू नये. रोज डाग, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त, संबंधानंतर रक्त, पाळीत भरपूर जाणं, हे त्या वयात तपासून घ्यायचंच असतं. कधीकधी अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासणीला पाठवतात, ते घाबरण्यासारखं नाही. चाळिशीच्या आतच पाळी बंद झाली तरी दाखवायचं. आणि पूर्ण वर्षभर पाळी आली नाही म्हणजे ती गेली. त्यानंतर एक थेंब जरी दिसला, तरी डॉक्टर. साठीच्या एक मावशी आमच्याकडे प्रौढांचे डायपर न्यायला यायच्या, मला वाटायचं घरात कुणी अंथरुणाला खिळलंय. त्या स्वतःसाठी न्यायच्या, कित्येक महिने रक्त जात होतं, सुनेला कळू नये म्हणून. बहुतेक वेळा कारण साधं निघतं. पण गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर पहिल्यांदा असाच दिसतो, आणि लवकर कळला तर बरा होतो.

मुली एका भीतीनं दवाखान्यात जात नाहीत, "लग्न झालेलं नाही, आतून तपासतील." नाही तपासत. पोटावरून सोनोग्राफी होते, त्याआधी भरपूर पाणी पिऊन लघवी धरून ठेवायची असते. कुठलीही आतली तपासणी तुम्हाला विचारल्याशिवाय करता येत नाही, आणि तुम्ही नको म्हणू शकता. १० ते १९ वयाच्या मुलींसाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक असतात, तिथे हे बोलता येतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून होतं, लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात, आणि गावातली आशाताई पुढे कुठे जायचं ते सांगते.

जाताना मागच्या चार-सहा पाळ्यांच्या पहिल्या दिवसाच्या तारखा लिहून न्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा खाडा मांडता त्याच चौकोनात एक छोटी फुली मारली तरी पुरते, मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालतं. किती दिवस गेलं, दिवसाला किती पॅड, दुखतं का, मध्ये डाग दिसतात का. वजन अलीकडे वाढलं की उतरलं. आई-बहिणीला थायरॉइड, साखर, पाळीचा त्रास आहे का. आणि सध्या जे काही घेताय ते सगळं: अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल, झोपेची गोळी, काढा, वजन उतरवायची पावडर, कुणी दिलेली पुडी. नावं आठवत नसतील तर रिकाम्या पट्ट्या फेकू नका, पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.